पांढरं फुटण्याआधी

आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात खताच्या दुकानातनं मिळालेली एक जाड प्लॅस्टिकची पिशवी. सातबारा, आठ-अ, सोसायटीच्या पावत्या, उसाची बिलं आणि मातीपरीक्षणाचे कागद, सगळं त्या पिशवीत. २०१७ सालापासून माझ्या रक्ताचे रिपोर्टही मी त्याच पिशवीत ठेवतो. घरची हसते. म्हणते, "रानाचं आन् रक्ताचं एका जागी कशाला?" पण मला रक्ताचं जे काही कळलं ते रानावरनंच कळलं. आणि ते कळायला उशीर का झाला, तेच इथं सांगायचं आहे.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेच्या काठावरचं. मी १९७६ ला दहावी झालो आणि दप्तर ठेवून आबांच्या मागं रानात गेलो. तेव्हा शाळू, हरभरा, करडई अशी पिकं. १९७८ च्या सुमाराला नदीवरनं लिफ्टचं पाणी आलं आणि पाण्याबरोबर ऊस आला. तळाच्या तीन एकरांत आबांनी पहिली लागण केली, ती बघायला गाव लोटलं. पाटाला पाणी सोडायचं ते रात्रभर मोकळं. ना माप, ना हिशेब. ही सगळी दुष्काळ बघितलेली माणसं. बहात्तरला मी बारा वर्षांचा होतो, रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी खाल्लेल्या मला आठवतात. पाणी जास्त होऊ शकतं, खाणं जास्त होऊ शकतं, हे त्या पिढीला सांगून पटलं नसतं.

सात-आठ वर्षांनी तळाच्या रानात मधेमधे ऊस खुरटा दिसायला लागला. शेंडे करपायचे. डोळे लावले तर निम्मे उगवायचेच नाहीत. आबा म्हणाले, "पिकाला ताण बसतोय." मग त्यांनी आणखी पाणी दिलं. तरी हलेना म्हणून युरियाचं पोतं वाढवलं. एकदा शेतीखात्याचे एक साहेब आले. माती हातात घेतली, चोळली, आणि म्हणाले, "खाली पाणी साठत चाललंय. त्या पाण्याबरोबर क्षार वर येतात. क्षार वाढले की पाणी असूनसुद्धा मुळाला ओढता येत नाही. पीक पाण्यात उभं राहून तहानलेलं राहतं. तुम्ही आणखी पाणी देताय, म्हंजे दुखणं वाढवताय."

आबांनी चौफेर नजर टाकली आणि विचारलं, "पांढरं कुठं फुटलंय?"

"अजून न्हाई फुटलेलं. फुटायच्या आधीच चर काढा, निचरा करा. फुटल्यावर लई महागात पडंल."

"मग फुटल्यावर बघू," आबा म्हणाले.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात रान पांढरं फुटलं. सकाळी बघावं तर वाफ्यावर मीठ पसरल्यासारखं. पुढं पुढं तर गवतसुद्धा येईना. आबा १९९४ ला गेले, ते रान पडीकच सोडून. २०१२ साली आम्ही दोघा भावांनी सोसायटीचं कर्ज काढलं, शेजारच्या शेतकऱ्यांबरोबर मिळून जमिनीत चार-पाच फूट खोल भोकाच्या पाईपा घातल्या आणि साठलेलं पाणी ओढ्याला काढून दिलं. तीन वर्षांनी रान पुन्हा पिकाला आलं. आबांच्या वेळी जे दोन चरांत झालं असतं, त्याला आम्हाला कर्ज काढावं लागलं.

एवढं सगळं डोळ्यांनी बघितलेला माणूस मी. तरी पुढं मी आबांसारखाच वागलो.

माझ्या थोरल्या भावाला सगळं गाव दादा म्हणायचं. त्याला २००८ साली शुगर निघाली. दादा गोळी घ्यायचा, पण मनाला येईल तशी. रिपोर्ट जरा बरा आला की गोळी बंद. कुणी सांगितलं कारल्याचा रस, तर महिनाभर कारलं. कुणी सांगितलं मेथ्या, तर मेथ्या. "मला काय त्रासच होत न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. २०१७ च्या जानेवारीत ऊसतोड झालेल्या रानात त्याच्या तळपायात उसाचं बुडकं घुसलं. त्याला कळलंच नाही. पाय आधीच बधिर झालेला. चौथ्या दिवशी वहिनींना चपलेत रक्त दिसलं. मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत अंगठा काळा पडला होता. आधी अंगठा गेला, मग पंधरा दिवसांत गुडघ्याखालचा पाय.

तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही सख्खे भाऊ ना? मग तुमचीही तपासणी करून घ्या. सख्ख्या भावाला असेल तर तुम्हाला धोका जास्त." रक्त दिलं. उपाशीपोटी ११२ आली. दुसरी एक तपासणी, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी, एचबीएवनसी तिचं नाव, ती आली ६.१. मी तो कागद गावातल्या एका डॉक्टरला दाखवला. त्यानं एक नजर टाकली, म्हणाला, "काय न्हाई, बॉर्डर आहे. गोड जरा कमी करा." झालं. पुढचा पेशंट आत आला.

मला तर आनंदच झाला. बॉर्डर म्हणजे आपण अजून अलीकडंच की! घरी येऊन लाडू बंद केले, चहा तसाच ठेवला, आणि कागद पिशवीत टाकला. पांढरं कुठं फुटलंय, असं आबांनी विचारलं होतं. मी काही विचारलंही नाही.

अडीच वर्षांनी, २०१९ च्या जूनमध्ये, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर तोच आकडा ६.४. या वेळी मिरजेत एक बाई डॉक्टर होत्या. बाहेर रांग असूनही त्यांनी मला पंधरा मिनिटं बसवून घेतलं. पहिल्यांदा त्यांनीच विचारलं, "काय करता?"

"शेती."

"मग रानात काय काय बिघडतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ऐका."

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. आपण भाकरी खातो, भात खातो, चहा पितो. पोटात त्याची साखर होते आणि ती रक्तात उतरते. रक्तातनं ती अंगातल्या मांसाला, स्नायूंना पोचली तर अंगाला ताकद मिळते. ती आत जायला इन्सुलिन लागतं, आणि ते आपल्या पोटात स्वादुपिंड नावाच्या अवयवात तयार होतं. काही माणसांत काय होतं, तर अंग इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. जास्त सोडलं की काम भागतं, साखर ठिकाणावर राहते, आणि बाहेरनं बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. असं वर्षानुवर्षं चालतं. पण रात्रंदिवस चालणारी मोटर जशी तापते, तसं ते स्वादुपिंड दमत जातं. मग साखर थोडी वर राहायला लागते. निरोगी माणसापेक्षा जास्त, पण मधुमेहाच्या खूणदगडाच्या अलीकडं. हीच मधुमेहाच्या आधीची अवस्था. इंग्रजीत तिला प्रीडायबेटिस म्हणतात, मराठीत पूर्वमधुमेह.

मी म्हणालो, "बाई, म्हंजे रक्तात साखर हाय पण अंगाला मिळत न्हाई. पाण्यात उभं ऱ्हाऊन पीक तहानलेलं."

त्यांना कळेना. मग मी त्यांना तळाच्या रानाची सगळी गोष्ट सांगितली. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकं सरळ मला कधी सांगता आलं नव्हतं. आता सांगा, तुमचं रान फुटलंय का?"

"न्हाई."

"मग निचऱ्याची वेळ कुठली?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

आकडे त्यांनी कागदाच्या मागं लिहून दिले. तो कागद पिशवीत आहे. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ आणि वर म्हणजे मधुमेह. साखरेचं पाणी पाजून दोन तासांनी बघतात ती १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ उंबरठा, २०० पासून मधुमेह. आणि ती तीन महिन्यांची तपासणी ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. मधुमेह ठरवताना एका कागदावर विश्वास न ठेवता बहुधा पुन्हा तपासून खात्री करतात. मी ६.४ वर होतो. उंबऱ्याच्या शेवटच्या टोकाला.

तीन महिन्यांची सरासरी एका थेंबात कशी कळते, हे मी विचारलं होतं. रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर चिकटते, आणि त्या पेशींचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. म्हणून किती चिकटली ते बघितलं की मागच्या अडीच-तीन महिन्यांचा हिशेब निघतो. आदल्या दिवशी उपास करून ती तपासणी फसवता येत नाही. एक मात्र त्यांनी सांगितलं, की अंगात लोह कमी असेल, पंडुरोग असेल, तर हा आकडा चुकू शकतो. आमच्या भागात रानात राबणाऱ्या कितीतरी बायकांच्या अंगात रक्त कमी असतं. म्हणून घरचीची तपासणी आम्ही उपाशीपोटीची आणि दोन तासांची अशीही करून घेतली.

माझा पुढचा प्रश्न मनात कधीचा होता. "मी तर काटकुळा माणूस. शेतात राबणारा. ही शहरातल्या जाड माणसांची व्याधी मला कशी?"

त्यांनी टेप काढून माझी कंबर मोजली. ९३ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषाला ९० च्या आत पाहिजे, बाईला ८० च्या आत. हातपाय काटक्या आणि पोट पुढं, हे मी आरशात रोज बघत होतो, पण ते वयाचं म्हणून सोडून दिलं होतं. मग त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांबद्दल सांगितलं. या डॉक्टरांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपली पोरं जन्मतात ती वजनानं हलकी, पण अंगातली चरबी त्या मानानं कमी नसते. मांस कमी, चरबी जास्त. याज्ञिकांनी स्वतःचं अंगही मोजलं होतं. ते आणि लंडनचे एक डॉक्टर, दोघांची वजन-उंचीची पट्टी सारखीच, २२.३. पण त्या गोऱ्या डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. २००४ साली दोघांचा एकत्र फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. म्हणजे काटा सारखा, आणि आतला माल वेगळा. आमच्या उसाचंही असंच असतं. टन सारखे भरतात, उतारा वेगळा पडतो.

राबण्याचं म्हणाल, तर घरी येऊन मी त्याचाही हिशेब मांडला. दहावीपर्यंतचं गणित कुठंतरी उपयोगी पडावं. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. नांगराचं तास नऊ इंचाचं धरलं तर एक एकर नांगरायला बैलांमागं सतरा-अठरा किलोमीटर चालणं होतं. नांगरट झाली की कुळव, कुळवानंतर सरी, पाण्याच्या पाळीला रात्रीची बारी, सगळं पायांवर. तेव्हा आम्ही चार-चार भाकरी खायचो आणि त्या जिरायच्या. आता नांगरट ट्रॅक्टर करतो. मोटर मोबाईलवर चालू होते. रानात जायला मोटरसायकल. फवारणी मजूर करतात. मी बांधावर उभा राहून बघतो, आणि स्वतःला राबणारा म्हणवून घेतो. भाकरी मात्र तेवढ्याच राहिल्या. उलट त्यांत रेशनच्या तांदळाचा भात आणि गव्हाची चपाती यांची भर पडली.

आणि चहा. साखरेच्या मुलखातला चहा. घरात दोन, बांधावर दोन, कट्ट्यावर दोन, कुणाकडं गेलं की एक, सोसायटीत एक. घरचीनं एक दिवस माझ्या आठ कपांची सोळा चमचे साखर वाटीत काढली आणि किराणा दुकानातल्या काट्यावर नेऊन तोलली. ऐंशी ग्रॅम भरली. महिन्याला अडीच किलोच्या जवळ. ती वाटी तिनं माझ्या पुढ्यात ठेवली, बोलली काहीच नाही.

मी म्हणालो, "मग गूळ घालूया. आपल्या गुऱ्हाळाचा."

हेही मी डॉक्टरबाईंना विचारून घेतलं. त्या हसल्या. गुळातही मुख्यतः साखरच. रक्ताला तो गूळ आहे की साखर हे कळत नाही.

चहा सोडणं मला जड गेलं ते चवीपेक्षा माणसांमुळं. आमच्याकडं चहा नको म्हणणं म्हणजे घर नको म्हणण्यासारखं. पहिल्या आठवड्यातच एका घरी म्हातारी रागावली. "का गा? आमचा च्या चालत न्हाई व्हय तुला आता?" मी दोन घोट घेतले. मग युक्ती काढली. जाईन तिथं आधीच सांगायचं, "आक्का, बिनसाखरेचा कर, दादासारखा पाय घालवायचा न्हाई मला." दादाचं नाव निघालं की कुणी आग्रह करत नसे. नंतर वाईट वाटायचं, आपण भावाचा पाय चहासाठी वापरतोय म्हणून. पण दादालाच एकदा हे सांगितलं तर तो म्हणाला, "वापर की. न्हाईतर कुणाच्या उपेगाला आला तो?"

रान घरापासून दोन किलोमीटर. मोटरसायकल सोडून चालत जायला लागलो. पहिले पंधरा दिवस वाटेत प्रत्येकजण थांबायचा. "तात्या, गाडी बिघडली व्हय? बसा मागं." नको म्हटलं की त्यांना वाटायचं घरात भांडण झालंय. शहरात चालायला निघतात त्याला फिरणं म्हणतात, खेड्यात चालत निघालेल्या म्हाताऱ्याची कीव करतात. मी खांद्यावर खोरं टाकायला लागलो. खोरं असलं की कुणी विचारत नाही.

ताटात भाकरी चारांवरनं दोनवर आणली, आणि भाकरीच्या आधी उसळ, भाजी, काकडी-मुळा खायची सवय लावली. ज्वारीची भाकरी चालते म्हणून पाच खाल्ल्या तर काही उपयोग नाही, हे समजायला मला महिना लागला. भात अर्धी वाटी. रात्री जेवल्यावर अंगणातच वीस मिनिटं येरझाऱ्या. जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. चर काढल्यावर पाणी जसं आपसूक ओढ्याला लागतं, तसं.

हे करून फळ मिळतं का, असा प्रश्न मलाही होताच. लेकीची लेक नर्सिंगला आहे, ती सुट्टीत आली की मी तिला बसवून विचारतो. तिनं वाचून सांगितलेल्या दोन गोष्टी लिहितो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या माणसांवर तीन वर्षं अभ्यास केला, त्याचा निकाल २००६ साली आला. ज्यांना खास काही शिकवलं नाही, त्यांच्यातल्या शंभरांपैकी पंचावन्न जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना चालायला आणि नीट खायला शिकवून मागं लागून करून घेतलं, त्यांच्यात एकोणचाळीस. अमेरिकेत त्याआधी, २००२ साली, असाच मोठा निकाल आला होता. वजन शंभराला सात किलो या हिशेबानं उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढ्यानं धोका ५८ टक्क्यांनी घटला. साठीच्या पुढच्या माणसांत तर ७१ टक्क्यांनी. नात म्हणाली, "तात्या, तुमच्या वयात जास्त फायदा." आयुष्यात पहिल्यांदा कुणी वयाचा फायदा सांगितला.

पण चेन्नईच्या आकड्यात शिकवलेल्या माणसांतही एकोणचाळीस जणांना मधुमेह झालाच, हेही मी तिच्याकडनं दोनदा वाचून घेतलं. निचरा केला म्हणजे रान कधी फुटणारच नाही, असं कुणी सांगत नाही. काहींना डॉक्टर गोळीही देतात, तेही वेळेत घ्यावं. माझं वजन एकाहत्तर किलो होतं, वर्षभरात सहासष्ट झालं. २०२० च्या डिसेंबरात आकडा ५.८ आला. मी गावभर सांगत सुटलो.

पुढच्या मे महिन्यात दादा गेला. पायानंतर त्याची किडनीही थकत आली होती, आणि त्या वर्षीच्या आजारानं त्याला उठू दिलं नाही. मातीलाही धड चार माणसं जमू शकली नाहीत. त्यानंतर माझं चालणं सुटलं. रानात जायचं मनच होईना. चहात साखर परत कधी आली ते कळलंही नाही. २०२२ ला आकडा ६.१. जिथनं निघालो होतो तिथंच.

त्याच वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत वहिनींनी दादाची पेटी उघडली. कोर्टाचे कागद शोधत होतो आम्ही. मी, वहिनी आणि दादाचा मुलगा. तळाशी एक पिवळा पडलेला कागद निघाला. २००३ सालचा, हर्नियाच्या ऑपरेशनआधी केलेल्या तपासण्यांचा. रक्तगट, लघवी, आणि उपाशीपोटी साखर ११८.

मी तो कागद हातात धरून किती वेळ बसलो कोण जाणे. आम्ही समजत होतो की दादाचं दुखणं २००८ ला सुरू झालं. पाच वर्षं आधी तो माझ्याच जागेवर उभा होता. सत्तेचाळीस वर्षांचा, धडधाकट, दोन्ही पायांचा. त्या कागदावर कुणी लाल शाईनं खूण केली नव्हती. दादाला कुणी पंधरा मिनिटं बसवून सांगितलं नव्हतं. ऑपरेशनला अडचण नाही, एवढं बघून तो कागद बाजूला ठेवला गेला आणि त्यानं तो घडी घालून पेटीत टाकला. दादाला निष्काळजी म्हणून मी मनातल्या मनात कितीदा दोष दिला असेल. त्याच्या गोळ्यांवरनं तर तोंडावरही बोललो होतो. पण ज्या पाच वर्षांत थोडक्यात भागलं असतं, त्या पाच वर्षांत त्याला काही माहीतच नव्हतं. मला माहीत होतं, आणि तरी मी चहात साखर घालत होतो.

वहिनींनी विचारलं, "काय हाय त्यात?" मी खरं सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला, वाचता येत नसूनही बराच वेळ बघितला, आणि मुलाकडं दिला. म्हणाल्या, "तुझ्या बापाचं हाय. तुझ्यापाशीच ठेव."

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा चालायला लागलो.

२०२३ साली आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीचे आकडे जाहीर झाले. देशात मधुमेह झालेले दहा कोटींहून जास्त, आणि उंबरठ्यावरचे त्याहूनही जास्त, साडेतेरा कोटींच्या पुढं. मधुमेह शहरात जास्त आहे, पण उंबरठ्यावरच्या माणसांचं प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखंच. ते वाचलं आणि मला आमचा कट्टा दिसला. वीस माणसं संध्याकाळी बसतात, त्यांतली तिघं तरी या हिशेबात येत असणार. त्यांना काही दुखत नाही, तहान लागत नाही, लघवीला उठावं लागत नाही. कुणीतरी आपलं रक्त बघावं असं त्यांना वाटायचं काही कारणच नाही. तिशी उलटली असेल, पोट पुढं आलं असेल, घरात कुणाला शुगर असेल, किंवा बाईला बाळंतपणात शुगर वाढली असेल, तर त्रास होण्याची वाट न बघता तपासावं. एवढं मी कट्ट्यावर सांगतो. काहीजण ऐकतात. काहीजण म्हणतात, तात्याला आता दुसरा विषयच न्हाई.

दादाच्या मुलाला मी काही म्हटलं नव्हतं. अडतिशीतला गडी, ट्रॅक्टर चालवतो, पोट स्टिअरिंगला लागतं. बापाचा कागद घेऊन गेला तेव्हाही काही बोलला नव्हता. संक्रांतीनंतर एका सकाळी मी खोरं घेऊन निघालो, तर हा दारात उभा. हातात तालुक्याच्या लॅबचा पाकीट.

"तात्या, पाच पूर्णांक नऊ म्हंजे काय?"

मी वाचून बघितलं. म्हटलं, "म्हंजे तुझा बाप दोन हजार तीनला जिथं होता, तिथं तू हायस. पण तुला ठाऊक हाय."

त्यानं ट्रॅक्टरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चप्पल घातली. आम्ही दोघं चालत रानात गेलो. तळाच्या रानातला निचरा जिथं ओढ्याला मिळतो, त्या पाईपाच्या तोंडाशी गाळ साचला होता. दरवर्षी साचतो. तो काढला नाही तर पाणी तुंबतं आणि चार-पाच वर्षांत रान परत फुटतं, म्हणून दर हिवाळ्यात तो काढावाच लागतो. मी खोरं खाली ठेवलं. पोरानं ते उचललं आणि गाळ ओढायला लागला. थोड्या वेळानं पाईपातनं पाणी ठिबकायला लागलं.

माझा मागचा आकडा ५.९ आहे. पुढची तपासणी येत्या महिन्यात. पिशवीत जागा आहे.